किल्ली आणि वही

शूनेमच्या त्या बाईचं नाव बायबलमध्ये कुठेच दिलेलं नाही. ‘दुसरे राजे’च्या चौथ्या अध्यायात ती येते. अलीशा संदेष्टा त्या वाटेनं जाता-येता तिच्याकडे जेवायला थांबायचा. एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, या माणसासाठी वर गच्चीवर एक लहानशी खोली बांधू या. त्या खोलीत तिनं चार वस्तू ठेवल्या : पलंग, मेज, बसायला आसन आणि दिवा. लहानपणी रविवारच्या शाळेत हा भाग शिकताना मला पुढचे चमत्कार महत्त्वाचे वाटायचे. आता मी या चार वस्तूंपाशीच थांबते. पलंग कोणीही देईल. मेज आणि दिवा देणाऱ्या बाईनं मात्र विचार केला होता. हा माणूस रात्री जागेल, काही वाचेल, लिहील. तेव्हा दिव्यासाठी त्याला जिना उतरून कोणाला उठवायला लागू नये. आपल्याला हाक न मारता पाहुण्याला राहता यावं, ही अगत्याची फार वरची पायरी आहे.

सुट्टीपुरती घरांची अदलाबदल करताना नेमकं हेच लागतं, कारण तिथे हाक मारायला यजमान घरात नसतोच. आपण त्यांच्या घरी, ते आपल्या घरी. भाडं कोणी कोणाला द्यायचं नाही. परक्या गावी हॉटेलच्या खोलीऐवजी अख्खं घर मिळतं, स्वयंपाकघर मिळतं, मुलांना अंगण मिळतं. युरोप-अमेरिकेत ही पद्धत आता जुनी झाली आहे आणि तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांनी, त्यातही पाळकांच्या कुटुंबांनी, ती आपलीशी केली आहे. आपल्याकडे ती अजून नातलग आणि ओळखीपाळखीपुरती आहे. दोन्हीकडचं पाहून, आणि स्वतः एकदा घर देऊन-घेऊन झाल्यावर, माझं एक मत पक्कं झालं आहे. समोरचं कुटुंब विश्वासातलं आहे म्हणून आपण तयारी कमी करतो, लिहून काहीच ठेवत नाही, आणि अडचणी तिथूनच सुरू होतात. विश्वास आहे तिथे तर जास्त नीट लिहून ठेवायला हवं.

या पद्धतीची सुरुवात शिक्षकांनी केली. ‘इंटरव्हॅक’ ही जुनी संस्था १९५३ मध्ये स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांच्या पुढाकारातून उभी राहिली. शिक्षकांना सुट्टी मोठी आणि पगार बेताचा, त्यामुळे हे त्यांनाच सुचावं यात नवल नाही. सदस्यांच्या घरांची छापील यादी निघायची, पत्रं जायची, महिनोन्‌महिने बोलणी चालायची. अमेरिकेतली ‘होम एक्स्चेंज’ १९९२ मध्ये निघाली, तीही आधी छापील यादी घेऊनच. इंटरनेट नंतर आलं. हळूहळू दोन्ही घरांनी एकाच वेळी अदलाबदल करायची अटही सुटली. आज तुम्ही माझ्या घरी राहा, मी पुढच्या वर्षी तिसऱ्याच कोणाच्या घरी राहीन, आणि हिशेब गुणांमध्ये ठेवायचा, अशी सोय झाली.

याच काळात आणखी एक प्रवाह वाहत होता. ‘सर्व्हास’ ही शांततेसाठी काम करणारी चळवळ १९४९ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झाली. युद्धानंतर माणसांनी एकमेकांच्या घरी राहावं, म्हणजे पुढचं युद्ध अवघड होईल, हा तिच्यामागचा विचार. ती कुठल्या धर्माची नाही, पण तिची एक रीत मला फार मोलाची वाटते : प्रवाशाची आधी मुलाखत होते आणि मग त्याला ओळखपत्र म्हणून एक पत्र मिळतं. ते पत्र दाखवल्यावर दार उघडतं. पुढे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या मेनोनाइट पंथातून ‘मेनोनाइट युअर वे’ नावाची यादी निघाली. घरातली रिकामी खोली पंथबांधवांना द्यायला तयार असलेल्या कुटुंबांची नावं तीत असत. ही अदलाबदल नव्हे, पण वृत्ती तीच.

पाळकांच्या घरांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. इंग्लंडमधल्या बऱ्याच पाळकांचं राहतं घर त्यांच्या नेमणुकीबरोबर येतं आणि नेमणुकीबरोबरच जातं. मानधन साधं, घर मात्र पुष्कळदा प्रशस्त, चर्चला लागून, बागेसकट. सुट्टीवर जायला पैसे नाहीत आणि द्यायला घर आहे, अशा माणसाला दुसऱ्या गावच्या पाळकाशी अदलाबदल करण्याइतकी सोपी सुट्टी दुसरी नाही. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरचे पाळक उन्हाळ्यात घरांबरोबर व्यासपीठांचीही अदलाबदल करत आले आहेत : तुम्ही माझ्या मंडळीत उपदेश करा, मी तुमच्या. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तर घराच्या बदल्यात सेवा अशी रीतसर नेमणूकच असते. बहुधा निवृत्त पाळक रविवार आणि आठवड्यातले आणखी दोन दिवस काम करतो, पगार घेत नाही, राहायला घर मिळतं. स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला १८७० मध्ये बांधलेलं इंग्रजी चर्च आहे. तिथे हंगामात पाळक आळीपाळीनं येतात, डोंगराच्या पायथ्याशी राहतात आणि उपासना चालवतात.

मिशनरी कुटुंबांचीही एक जुनी अडचण होती. हिंदुस्थानात, चीनमध्ये वर्षानुवर्षं काढून ते रजेवर मायदेशी परतायचे तेव्हा त्यांच्याकडे तिथे घरच नसायचं. त्यासाठी न्यू जर्सीतल्या व्हेंटनॉर या समुद्रकाठच्या गावी १९२२ मध्ये सुसज्ज घरांची व्यवस्था झाली. स्तोत्रांना चाली लावणारे विल्यम डोन यांच्या मुलींनी ती उभी केली. त्यातूनच पुढे मिशन-अभ्यासाचं मोठं केंद्र वाढलं. आमच्या नगरलाही अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८३१ पासून येत-जात राहिली. कोण कुठल्या बंगल्यात उतरणार, कोणाचं सामान कोण वापरणार, हे त्यांच्यासाठी रोजच्या जगण्याचाच भाग असणार. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ज्यानं वाचलं आहे त्याला टिळकांच्या घरातली माणसांची वर्दळ मी वेगळी सांगायला नको.

आता मूळ मुद्दा. ख्रिस्ती माणसानं ख्रिस्ती माणसाला घर देण्यात वेगळं काय? अनोळखी माणसाच्या हाती किल्ली देताना जी धाकधूक वाटते ती इथे कमी होते. घरात क्रूस पाहून कोणी बिचकणार नाही. रविवारी कुठे जायचं हे विचारावं लागणार नाही. पाहुणा आपल्या मंडळीत जाऊन बसला की शेजाऱ्यांनाही तो परका वाटत नाही. हे सगळं खरं आहे. पण हाच विश्वास आपल्याला आळशी करतो. ‘आपलीच माणसं आहेत, काय विचारायचं?’ असं म्हणून तारखा नीट ठरत नाहीत, गाडी वापरायची की नाही हे कोणी बोलत नाही, फुटलेल्या वस्तूचं काय करायचं हा विषय निघत नाही. विचारलं तर अविश्वास दिसेल, अशी भीती दोन्हीकडे.

पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांना ही भीती नव्हती, हे मला फार बोलकं वाटतं. ‘डिडाखे’ नावाची एक छोटी पुस्तिका आहे, पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिचं हस्तलिखित १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडलं आणि १८८३ मध्ये ती छापली गेली. तीत पाहुण्यांसाठी नियम आहेत, आणि ते मुळीच गुळमुळीत नाहीत. फिरता प्रेषित आला तर त्याला प्रभूसारखं मानून घ्यावं, पण त्यानं एक दिवस राहावं, गरज असेल तर दुसरा. तिसरा दिवस काढला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल इतकी भाकरी द्यावी, पैसे मागितले तर समजून जावं. साध्या वाटसरूला दोन-तीन दिवस ठेवून घ्यावं. त्याला तिथेच राहायचं असेल आणि हाताला कसब असेल, तर त्यानं काम करून खावं. ज्यांच्या अगत्याचे आपण गोडवे गातो त्या माणसांनी दिवस मोजले होते. पौलानंही रोमच्या मंडळीला पत्र लिहिताना शेवटच्या अध्यायात किंख्रियाच्या फिबीची लेखी शिफारस केली आणि तिला घरात घ्यायला सांगितलं. विश्वास आणि कागद पहिल्यापासून हातात हात घालून चालत आले आहेत.

कागद नको म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेच्या रोखे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या आयोगानं लोकांना पुन्हा पुन्हा सावध केलं आहे, की एकाच चर्चचे, एकाच समाजाचे असल्याची ओळख सांगून केली जाणारी फसवणूक ओळखायला अवघड असते. घरांच्या बाबतीतही हेच. म्हणून किल्ली देण्याआधी एकदा व्हिडिओवर बोलावं, घर फिरून दाखवावं आणि पाहावं, दोन्हीकडच्या पाळकांचा शब्द घ्यावा, आणि अदलाबदलीच्या नावाखाली कोणी आगाऊ पैसे मागितले तर तिथेच थांबावं.

आमचा अनुभव सांगते. आम्ही दोघंही शिक्षक, नगरचे, प्रोटेस्टंट. वसईच्या एका कॅथलिक शिक्षक कुटुंबाशी प्रशिक्षणवर्गात ओळख झाली होती. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आमच्याकडे आठ दिवस राहायचं, आम्ही त्यांच्याकडे, असं ठरलं. मी आठवडाभर घर घासलं. पडदे धुतले, नव्या चादरी काढल्या, फ्रीज रिकामा करून पुसला, डब्यात चकल्या भरल्या. लिहून ठेवलं काहीच नाही. फोनवर एवढंच म्हणाले, पाण्याची काळजी नको.

आमच्याकडे नळाला पाणी दिवसाआड येतं, पहाटे, तासभर. ते जमिनीतल्या टाकीत उतरतं. तिथला वॉल फिरवून मोटर लावली की वरच्या टाकीत चढतं. वॉल जिन्याखाली आहे, आणि तो इतकी वर्षं आमचा हात इतका सवयीनं फिरवतो, की तो सांगायची गोष्ट आहे हे आमच्या डोक्यातच आलं नाही. तिसऱ्या दिवशी वरची टाकी संपली. त्या माणसांनी आम्हाला फोन केला नाही. दोन दिवस पिण्याच्या पाण्याचे जार विकत आणले. हे आम्हाला परत आल्यावर शेजारच्या वहिनींकडून कळलं. नंतर मी वसईच्या बाईंना विचारलं तेव्हा त्या अवघडून म्हणाल्या, तुम्ही इतक्या विश्वासानं घर दिलंत, त्यात तक्रार कशी करायची? मला त्या रात्री झोप लागली नाही. धुतलेल्या पडद्यांपेक्षा चार ओळींची चिठ्ठी त्यांच्या उपयोगी पडली असती.

आणि त्याच आठ दिवसांत आम्ही वसईत काय वापरत होतो? एक वही. शंभर पानी, शाळेची, वर तपकिरी पुठ्ठ्याचं कव्हर. त्या घरातल्या सासूबाईंनी मुलाकडून लिहून घेतलेली. पहिल्या पानावर गॅस : सिलिंडर कुठे, रेग्युलेटरची चावी कुठल्या बाजूला फिरवली की बंद, दुसरा भरलेला सिलिंडर कुठे. दुसऱ्यावर पाणी : विहिरीचं पाणी अंघोळीला आणि झाडांना, प्यायचं वेगळं, मोटरचा लाल स्विच, टाकी भरली की कुठून आवाज येतो. मग वीज : मीटर कुठे, इन्व्हर्टरवर कोणते दिवे चालतात, कोणता पंखा चालत नाही. पाववाला किती वाजता येतो, मासळीवाली कुठल्या दिवशी येत नाही. मधल्या खोलीच्या खिडकीची कडी पावसात फुगते, ती ओढायची नाही, ढकलायची. मिस्साच्या वेळा. आणि एका पानावर एक ओळ होती, ती वाचून मी खाली बसले. अल्तारासमोरचा दिवा संध्याकाळी लावतात, पण तुमच्या रीतीत नसेल तर लावला नाही तरी चालेल, असं लिहिलं होतं.

आम्ही तो दिवा रोज लावला. आमच्याकडे घरात अल्तार नसतो, मूर्ती नसतात. पण तो दिवा लावणं आम्हाला जड गेलं नाही, कारण लावलाच पाहिजे असं कोणी म्हटलं नव्हतं. मराठी ख्रिस्ती म्हणून आपण एका नावाखाली मोजले जातो. पण वसईचं पोर्तुगीज काळापासूनचं कॅथलिक घर आणि नगरचं मिशनच्या परंपरेतलं घर यांच्या रीती वेगळ्या, शब्दसुद्धा वेगळे. ते मिस्सा म्हणतात, आम्ही उपासना. त्यांच्या टेबलावर फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ होतं, आमच्याकडे पंडिता रमाबाईंपासून ऐकत आलेली भाषांतरांची चर्चा. पाहुण्याला बरं वाटावं म्हणून भिंतीवरचा क्रूस, मारियामाउलीची तसबीर किंवा आपल्याकडची वचनाची पाटी उतरवून ठेवू नये. घर जसं आहे तसं राहू द्यावं, आणि पाहुण्याला त्याच्या रीतीनं राहण्याची मोकळीक लिहून द्यावी.

या पंथभेदांच्या बाबतीत सगळीकडेच बोलून घेतलेलं बरं. फडताळात वाइनची बाटली असली तर मद्य पूर्ण वर्ज्य मानणाऱ्या पंथातलं कुटुंब अवघडेल. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट कुटुंब शनिवार पाळतं आणि डुकराचं मांस खात नाही, म्हणून फ्रीजरमध्ये काय राहू द्यायचं हे आधी विचारावं. स्कॉटलंडच्या लुइस बेटावर तर शब्बाथ म्हणून पाळला जाणारा रविवार इतका कडक होता, की स्टॉर्नोवेहून रविवारी बोट सुटायला २००९ साल उजाडावं लागलं. त्यावरूनही गावात मोठा वाद झाला. तिथल्या पुष्कळ घरांमध्ये रविवारी बाहेर दोरीवर कपडे वाळत घालत नाहीत. लंडनहून सुट्टीला गेलेल्या कुटुंबाला हे कोण सांगणार? यजमानानं सांगितलं नाही, तर आठ दिवसांनी घरी परतल्यावर शेजाऱ्यांचं ऐकून घ्यायची वेळ त्याच्यावरच येते.

वस्तूंचं बोलायचं तर माझा सल्ला साधा आहे. एक कपाट पूर्ण रिकामं करावं आणि एक कपाट कुलूप लावून बंद करावं. रिकाम्यात पाहुण्यांचे कपडे मावतात. बंद कपाटात आपले कागद, दागिने, औषधं आणि जे फुटलं तर आपल्याला रडू येईल ते सगळं. कुलूप लावणं हा अविश्वास नाही. त्यामुळे पाहुण्याच्या मुलांना उरलेल्या घरात मोकळेपणानं बागडता येतं. बाकी घर उघडं असू दे. मिसळणाचा डबा, तांदूळ, तेल, साखर, चहा वापरा म्हणून सांगावं आणि संपलं तर भरून ठेवायचं का, तेही सांगावं. फ्रीजमध्ये एक कप्पा रिकामा. दोन पलंगांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल वेगळे काढून ठेवलेले. गळका नळ, कुरकुरणारी खुर्ची, सैल प्लग यांची डागडुजी आधी, कारण आपल्याला त्यांची सवय असते, त्यांना नसते. लहान मूल येणार असेल तर गच्चीचं दार, विहिरीचा कठडा, फिनेलची बाटली यांकडे त्या मुलाच्या उंचीवरून पाहून घ्यावं. मी यंदा खरोखरच गुडघ्यांवर बसून स्वयंपाकघर पाहिलं आणि कोयती कुठे टांगली आहे ते पाहून चपापले.

संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठांसाठी जो नियम लिहिला, त्याच्या ५३व्या अध्यायात पाहुण्यांची व्यवस्था आहे. पाहुणे अवेळी येतात म्हणून त्यांचा स्वयंपाक वेगळ्या चुलीवर, म्हणजे बाकीच्यांची घडी विस्कटत नाही. पाहुण्यांच्या खोलीची जबाबदारी एका भरवशाच्या भावावर, आणि तिथे पुरेसे बिछाने घातलेले हवेत. अध्यात्माच्या ग्रंथात बिछान्यांचा हिशेब आहे. ज्यानं तो लिहिला त्याला पाहुणे खरोखर येऊन गेल्याचा अनुभव होता, हे त्यावरूनच कळतं.

पाळकाच्या घराला याहून जास्त तयारी लागते. तिथली अभ्यासिका बंदच हवी. लोकांनी मन मोकळं करून सांगितलेल्या गोष्टींच्या नोंदी, मंडळीचा जमाखर्च, कोणाच्या लग्नाची, कोणाच्या भांडणाची कागदपत्रं सुट्टीवर आलेल्या माणसाच्या नजरेला पडायचं कारण नाही. दुसरं म्हणजे दाराची घंटा. पाळकाच्या दारावर कोणीही, केव्हाही येतं. कोणाकडे मयत झालेली असते, कोणी उपाशी असतो, कोणाला नुसतं रडायचं असतं. दार उघडणारा पाहुणा गोंधळून जातो. त्याच्यासाठी दाराच्या आतल्या बाजूला एक कागद हवा : मयतीसाठी अमुक वडील, मदतीसाठी अमुक भगिनी, आणि त्यांचे नंबर. ज्या पाळकाला घर देताना हा कागद लिहावासा वाटत नाही त्यानं घर देऊ नये, असंच मी म्हणेन, कारण दारात आलेला माणूस सुट्टीवर नसतो.

आणि आपल्या मंडळीलाही थोडं सांगून ठेवावं लागतं. आपल्याकडे परगावचा विश्वासी उपासनेला आला, की त्याला उभं करून ओळख करून द्यायची, साक्ष द्यायला सांगायची, गाता येत असेल तर गीत म्हणायला लावायचं, आणि मग तीन घरची जेवणाची आमंत्रणं. प्रेमच ते, पण चार दिवसांची सुट्टी त्यात संपते. आम्ही आता पाळकसाहेबांना आधीच विनंती करून ठेवतो, की पाहुण्यांना मागच्या बाकावर निवांत बसू द्या.

कागदपत्रांचा भाग रुक्ष आहे, तरी टाळू नये. घरविमा असेल तर कंपनीला कळवावं. ब्रिटनमधल्या अनेक पॉलिसींमध्ये घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं, म्हणून अदलाबदलीत कोणी राहत असणं फायद्याचं. पण दुसरा राहत असताना चोरी झाली आणि कुलूप तोडलेलं नसलं, तर भरपाई नाकारली जाऊ शकते. घर भाड्याचं असेल तर मालकाची, मंडळीचं असेल तर विश्वस्तांची लेखी परवानगी हवीच. गाडीच्या बाबतीत ब्रिटनमध्ये विमा बहुधा नाव दिलेल्या चालकांपुरता असतो. आपल्याकडे तो गाडीला असतो, पण चालवणाऱ्याकडे वैध परवाना लागतो. परदेशी पाहुणे असतील तर घरमालकानं ठरलेला सरकारी फॉर्म भरून २४ तासांच्या आत त्यांच्या आगमनाची नोंद करायची असते. हे फक्त हॉटेलवाल्यांना लागू आहे असा पुष्कळांचा समज आहे, तो चुकीचा. खाजगी घरालाही ते लागू आहे. सोसायटीत राहत असाल तर सेक्रेटरीला आणि दारावरच्या वॉचमनला पाहुण्यांची नावं, तारखा, गाडीचा नंबर देऊन ठेवावा. रात्री अकराला सामानासकट फाटकाबाहेर अडवलेलं कुटुंब पुढचे चार दिवस त्याच सुरात काढतं.

परदेशातून आलेल्या नातलगांसाठी, म्हणजे लंडन-लेस्टरहून नाताळला येणाऱ्या मराठी मंडळींसाठी, वहीत आणखी दोन पानं लागतात. तिथे सगळं एका स्विचवर चालतं. इथे गीझर किती वेळ लावायचा, प्यायचं पाणी कुठलं, कचऱ्याची गाडी किती वाजता येते, ओला-सुका कसा वेगळा करायचा, हे लिहावं लागतं. उलट आपण तिकडे गेलो, की त्यांच्याकडे कोणत्या वारी कोणत्या रंगाचं कचऱ्याचं पिंप बाहेर काढायचं, बॉयलर कसा लावायचा, पाणी तुंबलं किंवा फुटलं तर मुख्य नळ सिंकखाली कुठे आहे, हे आपणही विचारून घ्यायचं. आपण विचारत नाही, आणि ते सांगत नाहीत.

निघताना काय करायचं हेही ठरवून घ्यावं. माझ्या मते घर मिळालं होतं तसं करून द्यावं, चादरी धुऊन किंवा एका जागी गोळा करून, फ्रीजमध्ये त्यांच्या पहिल्या सकाळपुरतं दूध ठेवून. काही फुटलं असेल तर निघायच्या आत सांगावं. माफी मागायला उशीर झाला की ती जड होते. आम्ही वसईत काचेची एक वाटी फोडली होती. वहीच्या शेवटच्या पानावर तसं लिहिलं आणि शेजारी नवी वाटी ठेवली. ती जुन्या संचाशी जुळत नव्हती. त्यांच्या सासूबाई अजून तीच वापरतात, असं कळलं.

परतलो त्या संध्याकाळी आमच्या घरात सगळं जागच्या जागी होतं. चकल्यांचा डबा धुऊन पालथा घातलेला, झाडांना पाणी घातलेलं. टेबलावर एक फाडलेलं पान होतं. त्यावर एका प्लंबरचं नाव आणि नंबर, आणि खाली लिहिलं होतं, की जिन्याखालचा वॉल घट्ट झाला होता, यांनी तेल घालून दिलं आहे, आता सहज फिरतो. माणूस चांगला आहे, पैसे घेतले नाहीत. तो आमच्याच गल्लीच्या टोकाला राहतो. अकरा वर्षांत आमची त्याच्याशी ओळख झाली नव्हती. आमच्या घराची वही मी दुसऱ्या दिवशी लिहायला घेतली, आणि ते पान तसंच तिच्या पहिल्या पानावर चिकटवलं.